चांगुणामावशीचा बिल्ला

चांगुणामावशीची आणि माझी ओळख भांडणाने झाली. नालासोपाऱ्यात आचोळ्याला घर घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. आम्ही मूळ रत्नागिरीकडची माणसं, पानात सुकट नसली की जेवण अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. मंडईत सुक्या मासळीची रांग शोधून काढली, पहिल्याच ओट्यावरचा जवळा चिमटीत घेतला आणि मुंबईच्या सवयीने म्हटलं, "वास जरा जास्तच येतोय का हो?"

ओट्यावरच्या बाईने माझ्या चिमटीतला जवळा काढून टोपलीत परत टाकला आणि भाजीच्या रांगेकडे बोट केलं. "वास नको त तथं भेंडी हाय. भेंडीला वास नाय."

मी तणतणत पुढे गेले. आणखी तीन ओटे फिरले आणि मुकाट्याने परत आले, कारण बाकी सगळ्यांच्या जवळ्यात वाळू होती. तिने काही बोलून दाखवलं नाही. जवळा मोजला, वर एक मूठ टाकली आणि विचारलं, "कय ऱ्हातेस?"

मी सोसायटीचं नाव सांगितलं.

"म्हंजे नारू पाटलाचे खाचरान," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ही तिची पद्धत होती. इमारतींची नावं तिने कधी शिकून घेतली नाहीत. वसई-विरारमध्ये इतक्या वर्षांत एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण तिच्या लेखी प्रत्येक गिऱ्हाईक त्या इमारतीखाली गाडल्या गेलेल्या जमिनीवर राहत होतं. बँकेतला देसाई 'मिठागरावरचा', फुलपाड्याची एक डॉक्टरीण 'तलावाकाठची', आणि मी शेवटपर्यंत 'नारू पाटलाची'. कुठली जमीन कुणाची, कुणी कुणाला विकली, कुणाची फसवून घेतली, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. नवीन आलेल्या माणसाला ती हे ऐकवायचीच. एकदा एका तरुण नवऱ्याला तिने सांगितलं, की तू राहतोस ती जागा दोघा भावांतल्या धाकट्याची, मोठ्याने अंगठा उठवून घेतला. तो बिचारा बोंबील घ्यायला आला होता, कर्जाचे हप्ते भरून मेटाकुटीला आलेला. तो म्हणाला, "मावशी, मी तर बिल्डरकडून घेतलंय." ती म्हणाली, "तू काय केलास असा मी बोललू नाय. तुला ठाव असावा, येवढाच."

चांगुणामावशी जूचंद्रची. लहानपणी मिठागरावर राबलेली, त्यामुळे तळपायांना कायमच्या भेगा. लग्न होऊन सासरी आली तीही गावातल्या गावातच, आणि सासूच्या मागोमाग मंडईत. बुटकी, काळी, आवाज खणखणीत. हसताना मी तिला फार थोड्या वेळा पाहिलं. ती गोड बोलून माल विकणारी नव्हती. घासाघीस केली की टोपलीवर फडकं टाकायची. घरात सुतक असणाऱ्याला मासळी द्यायची नाही आणि ते ओळखायचं कसं, तर सरळ तोंडावर विचारायची. आठवड्याने पुन्हा गेलात की आधी मागच्या सोड्यांचं, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचं, काय केलं ते सांगावं लागे. मी एकदा सोड्यांत टोमॅटो घातल्याचं कबूल केलं, तर पुढचे दोन महिने मला तिने सोडे विकले नाहीत.

त्या जुन्या मंडईत गुडघाभर उंचीचे दगडी ओटे होते. प्रत्येक ओट्यासाठी पितळेचा एक गोल बिल्ला. रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठा, वर भोक, मधे ठोकलेला नंबर. ओट्यांवर नंबर नव्हते आणि बिल्ले ओळीने वाटलेलेही नव्हते. ज्याच्या हातात बिल्ला त्याचा ओटा. मंडई चालवणाऱ्या समितीने कुणा काळी ते पाडून घेतले होते. बऱ्याच जणांनी बिल्ला घरी पेटीत ठेवला होता, पण चांगुणामावशी रोज बरोबर आणायची. सकाळी आल्यावर आधी बिल्ला ओट्यावर ठेवायचा, मग हाताने ओटा मापायचा, कोपरापासून बोटांपर्यंत चार वेळा, मग त्यावर गोणपाट आणि त्यावर टोपल्या. शेजारच्या लसूणवाल्याने एकदा आपली गोणी चार बोटं पुढे सरकवली होती. तिने मापलं, पुन्हा मापलं, आणि त्याची गोणी उचलून रस्त्यावर ठेवली. चार बोटांसाठी सकाळचा अख्खा धंदा गेला दोघांचा. मी म्हटलं, "मावशी, चार बोटांनी काय होतंय?" तर म्हणाली, "चार बोटांनीच व्हतो सगला. तुजे बिल्डिंगखालचा खाचर काय येका दिवसान गेला?"

मंडईत एक रीत होती, कुठेही लिहिलेली नव्हती. ओटा बरेच दिवस रिकामा दिसला तर समिती तो दुसऱ्याला देऊ शके. म्हणून घरात बाळंतपण, मयत, दुखणं आलं की बाई आपला बिल्ला दुसऱ्या बाईच्या हाती देई. याला बिल्ला राखायला देणं म्हणत. राखणारी त्या ओट्यावर आपला माल मांडे, ओटा वापरता ठेवी आणि मालकीण परत आली की बिल्ला तिच्या हातात ठेवून खाली उतरे. कागद नाही, साक्षीदार नाही. देताना बिल्ल्यावर चिमूटभर मीठ ठेवायचं, एवढाच काय तो करार.

मी ही रीत प्रत्यक्ष पाहिली ती मावशीचा नवरा वारला तेव्हा. चौदाव्या दिवशी ती मंडईत आली. बायका उठून जवळ आल्या, कुणी गळ्यात पडायला हात पसरले. ती कुणाकडे बघायला तयार नाही. तिचा बिल्ला राखणाऱ्या कमळच्या समोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "बिल्ला." कमळने दिला. मावशीने तो मुठीत धरला, ओट्यावर चढून बसली, आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली. त्या दिवशी मला ती बाई निष्ठुर वाटली होती. माझी समजूत तेव्हा बेताचीच होती.

पुढे मुलगाही गेला. दारूने गेला, त्याबद्दल ती एका शब्दानेही बोलत नसे. मागे सून सुरेखा आणि शाळेत जाणारी नात. सुरेखाला तिने ओट्यावर शेजारी बसवलं. सहा वर्षं ती पोरगी मावशीचे टोमणे खात धंदा शिकली, आणि खरं सांगायचं तर मावशीपेक्षा चांगला करू लागली. हसून बोलायची, मोबाईलवर पैसे घ्यायची, बोंबील साफ करून पिशवीत भरून द्यायची. मावशीला हे सगळं फाजील वाटे, पण सुरेखा उठून गेली की मला हळूच म्हणायची, "हिचे हातान बिल्ला दिला का मी मोकली. मंग मना न्यायला कोनी बी येवंदे."

याच सुमाराला जुनी मंडई पाडून दुमजली इमारत बांधायचं ठरलं. समितीने फलक लावला. जुन्या ओटेधारकांना नव्या इमारतीत तळमजल्यावर जागा, मात्र बिल्ला दाखवून नंबर आणि नाव जुन्या वहीशी जुळलं पाहिजे. नाव वारसाचं असलं तरी चालेल, पण जुळलं पाहिजे.

मावशी बिल्ला घेऊन गेली आणि तासाभरात लालबुंद होऊन परत आली. समितीच्या कारकुनाला बिल्ल्यावरचा नंबरच वाचता आला नव्हता. कसा येणार? दर दसऱ्याला आणि दिवाळीला देवांच्या भांड्यांबरोबर ती तो बिल्ला चिंच आणि राख लावून घासत होती. तिच्या आधी तिची सासू घासत होती. लक्ष्मीच ती. एवढी वर्षं दोघींनी भक्तिभावाने घासून घासून तो आरशासारखा गुळगुळीत केला होता. आपली ओळख पटवणारी खूण आपल्याच हाताने पुसत होतो, हे दोघींच्या मनातही आलं नसेल.

"मना लिवता येत नाय," ती म्हणाली, "पन माजी जागा मना वलखता येते. त्यो कालचा पोर मना ईचारतो, तुमी कोन?"

इथे मी मधे पडले. मुंबईत एका कचेरीच्या अभिलेख शाखेत मी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन घरी बसले होते, हातांना जुन्या कागदांची चटक होती. मी म्हटलं, "मावशी, काळजी करू नका. तुमच्या बिल्ल्याचा सगळा इतिहास मी शोधून काढते." किती तोऱ्यात म्हटलं होतं मी! तो तोरा आठवला की आज मला माझीच लाज वाटते.

मी बिल्ल्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली. पहिला आकडा चार, अगदी स्वच्छ उमटला. दुसरा सहा की नऊ, ते सांगता येईना. मग सहज मागची बाजू घासली आणि कागदावर एक फुली उमटली. उभी रेघ लांब, आडवी रेघ वरच्या बाजूला आणि आखूड. मावशी म्हणाली, "ती आमची खून. टोपल्यांवर पन करतात तशी फुली." टोपलीवरची फुली अशी नसते, हे मला दिसत होतं. तो क्रूस होता.

समितीची जुनी वही बघायची परवानगी मिळवायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. वही वाळवीने निम्मी खाल्ली होती. एकोणपन्नास नंबरची ओळ पूर्ण गेलेली, नुसतं भोक. सेहेचाळीस नंबर मात्र शाबूत होता. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'रोझा, केळी, गास.'

मावशीला मी हे सांगितलं. ती बराच वेळ गोणपाट झटकत राहिली. मग म्हणाली, "माजे सासूनं घेतला आसंल तिच्याकडनं. ईकत. चल, ईचारू."

गास हे वसईतलंच गाव, तिथे जाणं सोपं होतं. तिथल्या चर्चला वाडीतली माणसं देऊळच म्हणतात. देवळात जुन्या माणसांची माहिती असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी फार विचार न करता सांगितलं, केळीवाली रोझा कधीच गेली, पण तिची मुलगी मार्था आहे, विहिरीपाशी घर. आम्ही तिथे गेलो. सत्तरीच्या पुढची बाई, पायावर चादर घेऊन ओसरीत बसली होती. घरच्यांशी ती वाडीच्या बोलीत बोलली ते मला निम्मंच कळलं, आमच्याशी मात्र शाळेतली शुद्ध मराठी.

मावशीने पिशवीतून बिल्ला काढून तिच्यापुढे धरला. मार्थाबाईंनी तो हातात घेतला नाही. नुसता मान वाकवून पाहिला, मग म्हणाल्या, "मागे क्रूस आहे. आईने खिळ्याने ओरखडला होता. मी शेजारी बसले होते."

मी विचारलं, "तुमच्या आईने विकला होता का?"

"विकला नाही. राखायला दिला होता," त्या म्हणाल्या. "बाबा गेले तेव्हा आईने वर्षभर दुखवटा पाळला. घराबाहेर पडायची नाही. मंडईत जूचंद्रची एक मिठवाली ओट्याशेजारी खाली जमिनीवर बसायची, तिची मैत्रीण. आईने मीठ ठेवून बिल्ला तिच्या हाती दिला. वर्ष संपल्यावर आई मला घेऊन मंडईत गेली. एवढं वर्ष राखला म्हणून तिला द्यायला केळीचा घड घेतला होता, आमच्या वाडीतला. ती मिठवाली म्हणाली, कसला बिल्ला? आईने दोनदा विचारलं. सगळा बाजार ऐकत होता. तिसऱ्यांदा नाही विचारलं. घड ओट्यावर ठेवला आणि आम्ही परत आलो. मग आई मरेपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरली. मंडईत पाऊल टाकलं नाही."

घरातून नातवाने चहाचे कप आणून ठेवले आणि तो आत गेला.

"त्या केळींचं पुढे काय झालं देव जाणे," मार्थाबाई म्हणाल्या.

"मी खाल्ली," चांगुणामावशी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"सोला वरसाची नवी सून. ती बाय मना आठवते, काले लुगड्यातली. मना वाटला कोन येडी हाय. सासूनं केळी दिली, मी खाल्ली."

मार्थाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "गोड होती?"

"गोड व्हती," मावशी म्हणाली.

चहा तसाच निवला. निघताना मावशीने बिल्ला ओसरीच्या कडेला ठेवला. मार्थाबाईंनी नातवाला हाक मारून तो परत तिच्या पिशवीत टाकायला लावला. रागाने नाही. म्हणाल्या, "मी काय करू याचं? माझे गुडघे गेले. मुलगा कुवेतला, नातू कॉम्प्युटर शिकतो. आम्ही कुणी मंडईत बसणार नाही. द्यायचा होता तो आईला."

रिक्षात मावशी पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत बसली. मी मात्र बोलत राहिले. आणि काय बोलले तेही सांगून टाकते. मी म्हटलं, मावशी, नंबर सहा की नऊ कुणालाच सांगता येत नाही. एकोणपन्नासची ओळ वाळवीने खाल्ली आहे, तिथे कुणाचंच नाव नाही. एकोणपन्नास म्हणा. पन्नासहून अधिक वर्षं तुम्ही त्या ओट्यावर बसताय, सगळा बाजार साक्ष देईल. मार्थाबाईंना तो नको आहे. कुणाचं नुकसान नाही. सुरेखाचा विचार करा. आयुष्यभर कागद जपलेली मी, तिला खोटा आकडा शिकवत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आजही, खरं सांगते, तो सल्ला चुकीचा होता असं मला वाटत नाही.

नायगावला उतरताना ती एवढंच म्हणाली, "माजी सासू मना लय जीव लावायची गो." आणि रिक्षाची दांडी धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

पडताळणीच्या दिवशी समितीच्या जुन्या गोदामात टेबल मांडलं होतं. रांग लांब होती. मावशी पुढे, तिच्यामागे सुरेखा, शेवटी मी. सुरेखाने नवी साडी नेसली होती. आदल्या रात्री आईंकडून आकडा पाठ करून घेतलाय, ती माझ्या कानात म्हणाली. नव्या जागेत फ्रीज ठेवता येईल, ओली कोळंबीही ठेवू, असंही म्हणाली. मी मान हलवली.

कारकून तरुण होता, दिवसभर बसून कंटाळलेला, पण उर्मट नव्हता. त्याने वही उघडली. "बोला आजी. नंबर?"

"शेचालीस," मावशी म्हणाली.

"आई!" सुरेखाने तिचा दंड धरला. "एकोणपन्नास! एकोणपन्नास बोला ना!"

कारकुनाने बोट फिरवलं. "सेहेचाळीस. रोझा, केळी. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी तिची कोन नाय. तिचा बिल्ला आमी राखला व्हता. परत द्यायचा ऱ्हायला."

"मग त्या कुठे आहेत?"

"मेली."

"वारस?"

"पोरगी हाय. ती येत नाय."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, सुरेखाकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? एकोणपन्नास असेल तर बघू, तिथे नोंद दिसत नाही. सेहेचाळीस लिहिलं तर तुमचा संबंधच येत नाही. आणि त्या बाईंचं कुणी नाही म्हटल्यावर ही जागा सोडतीत जाणार."

मला वाटलं, आता तरी. सुरेखा आता ओरडत नव्हती, नुसती "आई, आई" करत होती, पोरीचं नाव घेत होती.

"शेचालीस लिव," मावशी म्हणाली. "मना मोजता येतो."

त्याने लिहिलं. बिल्ला जमा करून घेतला आणि बाकीच्या बिल्ल्यांच्या प्लॅस्टिकच्या टबात टाकला. मावशी त्या टबाकडे बघत राहिली. मागच्या माणसाने "चला, चला" म्हटलं तेव्हा बाजूला झाली.

बाहेर सुरेखाने तिला काहीच म्हटलं नाही. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काय गरज होती शोधायची?"

नवी मंडई उभी राहिली. सेहेचाळीस नंबरच्या जागेत मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं. तिथला माणूस रोझाला ओळखत नाही, चांगुणालाही नाही. सुरेखा पोरीला घेऊन जूचंद्रच्या घरातून निघाली आणि नालासोपाऱ्यात खोली भाड्याने घेऊन राहू लागली. नव्या मंडईच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला निळं प्लॅस्टिक अंथरून बसते. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की टोपल्या उचलून गल्लीत पळते. दोनदा माल गेला तिचा. मी तिच्याकडूनच घेते. ती मला 'मॅडम' म्हणते, मोजून देते, वर एक मूठ घालत नाही.

मावशीने धंदा सोडला. कुणाकडे काही बोलली नाही, कुणाला दोष दिला नाही, केल्याबद्दल अभिमानही दाखवला नाही. मी एकदा जूचंद्रला जाऊन आले. अंगणात चटईवर बसून ती तांदूळ निवडत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, चुकलं का हो आपलं?" ती म्हणाली, "तुजा काय? तू कागूद वाचलास." आणि मग बराच वेळ, खरोखर बराच वेळ, नातीच्या शाळेबद्दल विचारत राहिली, कितवीत गेली, डबा काय नेते, केस अजून लांब आहेत का. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी गेले नाही. जायला हवं होतं. ती गेल्याचं मला महिन्याभराने कळलं, तेही कमळकडून.

त्याआधी मात्र ती मला एकदा दिसली. सकाळची वेळ, फाटकाबाहेरचे विक्रेते नुकतेच माल मांडून बसत होते. मी पलीकडे केळी घेत होते. मावशी काठी टेकत आली आणि सुरेखाच्या प्लॅस्टिकसमोर उभी राहिली. फार बारीक झाली होती. सुरेखा बोंबलाच्या जुड्या लावत होती, तिने वर पाहिलं, आणि तिचा हात थांबला. मग तिने पुन्हा जुड्या लावायला सुरुवात केली.

"काय पाहिजे?" तिने विचारलं. मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं, जसं ती कुणालाही विचारते तसं.

"जवला," मावशी म्हणाली. "पावभर."

सुरेखाने तागडी उचलली, जवळा तोलला, कागदात बांधला आणि मान वर न करता पुढे केला. मावशीने कनवटीची नोट काढून तिच्या हातात दिली. त्या दिवसाची सुरेखाची पहिली विक्री होती ती, भवानी. सुरेखाने नोट घेतली आणि रोजच्या सवयीने, काय करतोय हे कळायच्या आत, डोळे मिटून कपाळाला लावली.

मावशी ते बघून झाल्यावरच वळली.